प्रोस्टेटच्या ऑपरेशनआधी पेशंटला हेही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत नुकताच प्रोस्टेटवाढीवर पानभर मजकूर आला होता. रात्री सारखं का उठावं लागतं, लघवीची धार का मंदावते, सोनोग्राफी कधी करावी, संध्याकाळनंतर चहा का टाळावा, सगळं नीट समजावलं होतं. पण या आजाराच्या गोळ्यांनी आणि ऑपरेशनने पुरुषाच्या लैंगिक जीवनावर काय परिणाम होतात आणि त्यातले कोणते टाळता येतात, यावर एक ओळही नव्हती. लेख लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. ही ओळ सगळीकडेच गळते. ओपीडीत, संमतीपत्रात, डिस्चार्ज कार्डावरही. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीतली बहुतेक वर्षं पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या सर्जरी आणि युरॉलॉजी वॉर्डात गेली. ‘दुर्बिणीतून’ प्रोस्टेट काढून आलेले पेशंट सांभाळणं हे आमचं रोजचं काम. तीन तोंडांची नळी, वर टांगलेल्या सलाईनच्या मोठ्या बाटल्या, खालच्या पिशवीत उतरणारं पाणी लाल आहे, गुलाबी आहे की स्वच्छ झालं, यावर रात्रभर लक्ष ठेवायचं. गुठळी अडकली की सिरिंजने वॉश द्यायचा. नळी निघाली आणि पहिली मोकळी धार झाली की त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, तो मी पुष्कळदा पाहिलाय. हे ऑपरेशन चांगलं आहे, त्याने माणसं सुखी होतात, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या पत्रामुळे कोणी घाबरून ऑपरेशन टाळावं असं मला अजिबात वाटत नाही.

पण एक प्रश्न डॉक्टरांच्या राउंडमध्ये कोणी विचारत नसे. तो रात्री यायचा. मी बीपी घ्यायला गेले की शेजारच्या कॉटवर कोणी जागं नाही ना हे बघून पेशंट हळूच म्हणायचे, “सिस्टर, एक विचारू का? राग नका मानू.” मग बराच वेळ गप्प. आणि मग, “आता ते सगळं बंदच ना?” विचारणारे पेठेतले निवृत्त मास्तर असत, जुन्नरकडचे शेतकरी असत, कँपातले दुकानदार असत. काहींची पन्नाशीही नुकतीच उलटलेली असायची. काही महिन्यांनी तपासणीला आलेले पेशंट तर याहून हादरलेले. संबंधाच्या वेळी वीर्यच आलं नाही, म्हणजे आपली ताकद गेली, आपण संपलो, असं धरून ते कित्येक आठवडे बायकोपासून लांब झोपत होते. त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं की असं होणार आहे, यात धोका नाही आणि याचा ताठरतेशी संबंध नाही.

हे डॉक्टरांना का विचारत नाहीत, असं आपल्याला वाटेल. आपल्या घरांची रीत डोळ्यांसमोर आणा. पासष्टीचे वडील तपासणीला जातात तेव्हा फाईल सुनेच्या हातात असते. डॉक्टरांशी मुलगा बोलतो, रिपोर्ट जावई वाचतो आणि खुद्द पेशंट खुर्चीच्या कडेला बसून मान डोलावतो. सुनेसमोर, लेकीसमोर हा विषय निघणार कसा? डॉक्टरही त्या घोळक्याशीच बोलतात. “काळजी करू नका, बाबांना बरं वाटेल.” आणि खरंच बरं वाटतं, लघवीचा त्रास जातो. बाकीचं त्या माणसाच्या पोटात राहतं. बायका तर आणखी मागे. वॉर्डाबाहेर पाण्याच्या नळापाशी एखाद्या काकू मला गाठायच्या. “यांना पुढे काही त्रास नाही ना? म्हणजे... आमचं दोघांचं?” इतकंच. त्या प्रश्नातली लाज आणि काळजी दोन्ही मला अजून ऐकू येतात.

आता मुद्द्याचं, जे मी त्या वेळी पेशंटला कॉटशेजारी उभी राहून सांगायचे. प्रोस्टेट ही तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. वजन वीस ग्रॅमच्या आसपास. मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रमार्ग तिच्यातूनच जातो. वयाबरोबर ती वाढते. साठीपर्यंत जवळपास निम्म्या पुरुषांत ही वाढ दिसते, ऐंशीच्या पुढे बहुतेकांत. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि दोन्हींची ऑपरेशनंही वेगळी. कर्करोगात अख्खी ग्रंथी काढतात. ताठरतेच्या नसा ग्रंथीच्या बाहेरून, तिला चिकटून जातात, म्हणून त्या ऑपरेशनात त्यांना धोका असतो. साध्या वाढीत सर्जन आतला भाग खरवडून वाट मोकळी करतात आणि बाहेरचं कवच तसंच ठेवतात. त्यामुळे आधी नीट असलेली ताठरता सहसा टिकते. पेशंटच्या मनात मात्र या दोन्हींची सरमिसळ असते, आणि शेजारच्या सोसायटीतल्या कोणाचं तरी ऐकीव उदाहरण त्यात भर घालतं.

इच्छा, ताठरता आणि वीर्य बाहेर येणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्या उपचाराने यातलं काय बिघडू शकतं, हे वेगळं वेगळं सांगायला हवं. ‘लैंगिक त्रास होऊ शकतो’ एवढं मोघम वाक्य माणसाला फक्त घाबरवतं.

नेहमीचं टीयूआरपी, म्हणजे दुर्बिणीतून प्रोस्टेटचा आतला भाग खरवडायचं ऑपरेशन, झाल्यावर दहातल्या सहा-सात जणांना, कधी त्याहूनही जास्त जणांना वीर्य बाहेर येत नाही. मूत्राशयाचं तोंड वीर्यपतनाच्या क्षणी मिटतं, म्हणून वीर्य पुढे जातं. ऑपरेशनात ते तोंड रुंद झालं की ते मिटत नाही. मग वीर्य मागे मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. अपाय काहीच नाही. सुखाची जाणीव बहुतेकांची राहते. काहींना ती फिकी वाटते, हेही सांगायला हवं. ज्यांना अजून मूल हवं आहे त्यांच्यासाठी मात्र हा बदल फार मोठा आहे. उशिरा लग्न झालेले, दुसरं लग्न झालेले पन्नाशीचे पुरुष काही कमी नाहीत.

गोळ्यांबद्दल मी माझ्या घरातलंच सांगते. यजमानांची संमती घेऊन लिहिते आहे. मसुदा त्यांनी वाचलाय.

हे पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्रास सुरू झाला. नाटकाला गेलो की कडेची खुर्ची हवी. मुंबईला निघायचं तर सकाळपासून पाणी बंद. डिसेंबरच्या थंडीत सवाई गंधर्वला रात्र काढणारा हा माणूस मध्यंतराच्या रांगेच्या धास्तीने घरीच बसायला लागला. तपासणीत प्रोस्टेट मध्यम वाढलेली निघाली, पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासणारी रक्ताची चाचणी) ठीक होतं, सिलोडोसिन सुरू झाली. लघवी चार-पाच दिवसांतच सुधारली. आणि काही आठवड्यांनी हे एकदम अबोल झाले.

औषधांच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं भरलेली सापडली तेव्हा मी विचारलं. बऱ्याच वेळाने त्यांनी सांगितलं, “वीर्यच येत नाही. गोळी बंद केली की येतं. मग मी बंदच केली.” ज्या माणसाची बायको जन्मभर युरॉलॉजीच्या वॉर्डात राबली, त्यालाही हे बोलायला इतके दिवस लागले, मग जुन्नरच्या त्या शेतकऱ्याने काय करायचं? अर्धवट गोळ्या घेण्याचा परिणाम व्हायचा तो झाला. जानेवारीत सर्दी-खोकला झाला, दुकानातून सर्दीचं औषध आणलं आणि त्या रात्री लघवी पूर्ण तुंबली. सर्दीच्या बऱ्याच औषधांत असे घटक असतात की ज्यांची प्रोस्टेट वाढलेली आहे त्यांची लघवी अडू शकते. पहाटे नळी टाकावी लागली. ज्याने हे सोसलंय त्यालाच ती कळ कळेल.

सिलोडोसिन किंवा टॅम्सुलोसिन ही गोळी मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटमधले स्नायू सैल करते. म्हणून लघवी सुटते आणि म्हणूनच वीर्य कमी येतं किंवा येत नाही. सिलोडोसिनने हे बरंच जास्त होतं. चाचण्यांमध्ये साधारण चौथ्या हिश्शाहून अधिक पुरुषांत दिसलं. टॅम्सुलोसिनने त्याहून कमी. याच गटातल्या अल्फुझोसिनने फारच थोड्यांना. गोळी थांबवली की सगळं पूर्ववत होतं. ही तीन वाक्यं पहिल्याच दिवशी यांच्या कानावर पडली असती तर पाकिटं डब्यात पडून राहिली नसती. दुसऱ्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, अल्फुझोसिन दिली, नळी काढून पाहिली, लघवी झाली. अजून तरी ऑपरेशनची गरज पडलेली नाही आणि ज्या गोष्टीसाठी हे गोळी सोडायला तयार झाले होते, ती त्यांच्याजवळ आहे.

फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड या दुसऱ्या जातीच्या गोळ्या. त्या ग्रंथी आकाराने कमी करतात, पण सहा महिने तरी धीर धरावा लागतो, आणि ग्रंथी बरीच वाढलेली असेल तरच त्यांचा उपयोग. काही पुरुषांत यांनी इच्छा कमी होते, ताठरता कमी होते, वीर्य घटतं. गोळी बंद केल्यावर बहुतेकांचं सुधारतं, क्वचित रेंगाळतं. या गोळ्यांनी रक्तातलं पीएसए साधारण निम्म्यावर येतं. त्यामुळे पीएसए तपासताना आपण ही गोळी घेतो हे डॉक्टरांना न विसरता सांगा, नाहीतर वाढलेला आकडाही नॉर्मल भासतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर टॅम्सुलोसिनबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगा. बाहुली ऐन वेळी आक्रसते. पुण्यात एकाच वयाची माणसं ही दोन्ही ऑपरेशनं करून घेत असतात आणि दोन डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या माहीत नसतात, हे मी वॉर्डात पाहिलेलं आहे.

टॅडलाफिल रोज पाच मिलिग्रॅम हा आणखी एक पर्याय आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली प्रोस्टेटवाढीच्या त्रासासाठी त्याला मान्यता दिली. ताठरता आणि लघवी दोन्हींना त्याची मदत होते. पण छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या किंवा नायट्रेटची गोळी घेणाऱ्या पेशंटने ते चुकूनही घेऊ नये. बीपी इतकं खाली जातं की जिवावर बेततं. ताकदीच्या नावाखाली पुड्या आणि कॅप्सूल विकणाऱ्यांकडून परस्पर काही आणून खाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, आधी डॉक्टरांना दाखवा. त्यात काय घातलेलं असतं हे खाणाऱ्याला कळत नाही.

ऑपरेशनच्या पर्यायांकडे येते. ‘लेझरने करून घेतलं की काही होत नाही,’ असं मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय. होलेप हे लेझरचं उत्तम ऑपरेशन आहे, फार मोठ्या ग्रंथीसाठी तर विशेष. रक्त कमी जातं, नळी लवकर निघते, पुन्हा वाढीचा प्रश्न क्वचित येतो. पण वीर्य मागे जाण्याचं प्रमाण त्यात टीयूआरपीइतकंच किंवा थोडं जास्तच असतं. लेझर हा शब्द ऐकून कोणी गैरसमजात राहू नये.

वीर्यपतन टिकवायचं असेल तर आज वाटा आहेत. यूरोलिफ्टमध्ये काहीच कापत नाहीत. ग्रंथीचे दोन्ही भाग बारीक टाक्यांनी बाजूला ओढून धरतात आणि वाट मोकळी होते. रेझूममध्ये १०३ अंशांची पाण्याची वाफ सुईने ग्रंथीत नऊ-नऊ सेकंद सोडतात आणि पुढच्या काही आठवड्यांत तो भाग आपोआप आक्रसतो. अमेरिकेत यांना अनुक्रमे २०१३ आणि २०१५ मध्ये परवानगी मिळाली; भारतातल्या मोठ्या शहरांतही आता हे उपचार होतात. दोन्हींमध्ये ताठरता आणि वीर्यपतन बहुतेकांचं शाबूत राहतं. पाण्याच्या जोरदार झोताने, यंत्राच्या मदतीने आतला भाग काढायची ॲक्वाॲब्लेशन पद्धतही आहे. तिच्यात टीयूआरपीपेक्षा वीर्यावर परिणाम कमी होतो. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी नेऊन प्रोस्टेटच्या रक्तवाहिन्या बंद करण्याचा उपाय रेडिओलॉजीचे डॉक्टर करतात. आणि काही सर्जन साधं टीयूआरपी किंवा लेझरच करतात, पण वीर्याच्या नळ्या जिथे उघडतात त्या जागेभोवतीचा थोडा भाग राखून. त्याला नवं यंत्र लागत नाही. सर्जनचा हात आणि आधी ठरवलेला हेतू लागतो. माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक पेशंटसाठी सर्वांत जवळचा मार्ग हाच आहे, आणि पेशंटने मागितल्याशिवाय तो त्याच्यासमोर येत नाही.

या वाटांच्या मर्यादा झाकायच्या नाहीत. यूरोलिफ्टने धार टीयूआरपीइतकी सुधारत नाही. पाच वर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासात साधारण सातांपैकी एकाला पुन्हा काहीतरी करून घ्यावं लागलं. रेझूमनंतर काही दिवस नळी ठेवावी लागते, जळजळ होते, फायदा दिसायला वेळ लागतो. फार मोठी ग्रंथी, मूत्राशयात खडे, वारंवार तुंबणारी लघवी, मूत्रपिंडावर आलेला ताण असेल तर हे सौम्य उपाय पुरत नाहीत. एकदाच वापरायच्या साहित्यामुळे खर्चही चढतो, आणि विम्यात काय बसतं ते आधी लेखी विचारून घ्यावं लागतं. मधुमेहाने मूत्राशयच थकलं असेल तर कोणत्याही ऑपरेशनचा लाभ कमी. पुण्यात मधुमेही घरोघरी आहेत, आणि त्यांची ताठरता साखरेनेही गेलेली असते. म्हणून ऑपरेशनआधी ती कशी होती याची नोंद हवी, म्हणजे नंतर दोष कुणाचा यावर वाद राहत नाही.

माझे थोरले दीर सासवडला असतात, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची ग्रंथी शंभर ग्रॅमच्या पुढे गेली होती, मूत्राशयात खडाही होता. त्यांच्या सर्जननी मुलाला बाहेर बसवलं, भाऊजी आणि जाऊबाई दोघांना आत घेतलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. होलेप केलं तर वीर्य बहुधा बाहेर येणार नाही, ताठरता सहसा राहील, सौम्य उपाय तुम्हाला पुरणार नाहीत. दोघांनी घरी येऊन चार दिवस विचार केला. भाऊजींनी होलेप करून घेतलं. नंतर जसं सांगितलं होतं तसंच झालं आणि त्या घरात त्याचा ना घोळ झाला ना अबोला. जाऊबाई मला म्हणाल्या, “आम्हाला ठाऊक होतं गं, मग कसलं वाईट वाटायचं?” पेशंटने नेहमी वीर्य टिकवणारा उपायच निवडावा असं माझं म्हणणं नाही. निवड त्याच्यासमोर ठेवली जावी, एवढंच म्हणणं आहे.

“या वयात कशाला हवंय ते?” हे वाक्य मी डॉक्टरांकडून, नातेवाइकांकडून आणि काही सहकारी भगिनींकडूनही ऐकलंय. मला ते निर्दय वाटतं. पन्नास ते ऐंशी वयाच्या पुरुषांची एक मोठी पाहणी अमेरिका आणि युरोपातल्या सहा देशांत झाली आणि २००३ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ८३ टक्क्यांनी आपलं लैंगिक जीवन चालू असल्याचं सांगितलं. लघवीचा त्रास जितका जास्त तितक्या लैंगिक तक्रारीही जास्त, हेही त्यातच दिसलं, आणि वय व इतर आजार जमेस धरूनही हा संबंध टिकला. आपल्याकडे कोणी विचारत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. शिवाय हे केवळ संभोगाचं नाही. चाळीस वर्षं एका अंथरुणात झोपलेली दोन माणसं लाजेने पाठ फिरवून झोपायला लागतात, त्याची नोंद कुठल्या रिपोर्टमध्ये येते?

र. धों. कर्वे याच पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि फर्ग्युसनमध्ये शिकले. पुढे मुंबईत १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, नोकरी सोडली, खटले सोसले. एवढं सगळं मराठीत, मराठी माणसांसाठी. त्याला शंभर वर्षं होत आली. तरी मराठी पेशंटला मराठीत ‘वीर्य बाहेर येणार नाही’ एवढं सांगायला आज आपण कचरतो, याचं मला मनापासून दुःख होतं.

हा सौजन्याचा नव्हे, पेशंटच्या हक्काचा मुद्दा आहे. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली सांगितलं की पेशंटची संमती खरी ठरायची तर त्याला उपचाराचं स्वरूप, दुसरे पर्याय आणि महत्त्वाचे धोके आधी सांगितलेले हवेत. दूरचे, क्वचित घडणारे धोके सांगायची सक्ती न्यायालयाने केलेली नाही. पण दहातल्या सहा-सातांना होणारी गोष्ट क्वचितची कशी म्हणायची? डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतही लिहिलंय की ज्या शस्त्रक्रियेने वंध्यत्व येऊ शकतं तिला पती-पत्नी दोघांची संमती हवी. मी वर्षानुवर्षं ज्या फॉर्मवर सह्या होताना पाहिल्या, त्यांवर इंग्रजीत बारीक अक्षरांत सगळे धोके एका वाक्यात कोंबलेले असायचे. तो फॉर्म ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटच्या हातात यायचा, आणि “इथे सही करा बाबा” म्हणून मुलगाच बोट दाखवायचा.

पुण्यातल्या युरॉलॉजिस्ट मंडळींना माझी विनंती आहे. प्रोस्टेटच्या पेशंटला सुरुवातीला त्रासाची जी सात प्रश्नांची पट्टी भरायला देता, तिच्या शेजारी ताठरता आणि वीर्यपतनाबद्दलचे दोन-तीन प्रश्न मराठीत छापा. तोंडाने विचारायला जे जड जातं, ते माणूस कागदावर खूण करून सांगतो. मी पाहिलेलं आहे. मुलगा, सून, जावई यांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगा आणि पत्नी असेल तर तिला आत घ्या. गोळी लिहून देताना तिचा वीर्यावर होणारा परिणाम त्याच वेळी सांगा. संमतीपत्रात ही बाब मराठीत, मोठ्या अक्षरांत, वेगळ्या ओळीत येऊ द्या आणि फॉर्म काही दिवस आधी घरी न्यायला द्या. दवाखान्यात गर्दी किती असते ते मला माहीत आहे, पण हे काम वॉर्डातल्या किंवा ओपीडीतल्या सिस्टरवर सोपवता येतं. आम्हाला ते जमतं. रात्रीच्या ड्युटीत आम्ही ते करतच आलो आहोत, फक्त ऑपरेशन होऊन गेल्यावर.

आणि गावोगावच्या, सोसायट्यांतल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी प्रोस्टेटवर व्याख्यान ठेवलं तर वक्त्यांना हा विषय बोलायला आवर्जून सांगावं. शेवटी प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता घ्यावेत. हात वर करून कोणी विचारणार नाही.

संमतीपत्राचा आणि प्रश्नांच्या पट्टीचा मराठी मसुदा कोणत्याही रुग्णालयाला हवा असेल तर मी विनामूल्य करून देईन. तो डॉक्टरांनी तपासून घ्यावा. कोणते शब्द पेशंटला कळतात आणि कोणत्या शब्दांवर तो मान खाली घालतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझं नाव आणि पत्ता आपल्याकडे दिला आहे. यजमानांचा खाजगी विषय असल्याने नाव छापू नये, पण ज्यांना मसुदा हवा असेल त्यांची पत्रं माझ्याकडे जरूर पाठवावीत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, कर्वेनगर, पुणे